बसून पाहिलेले पक्षी

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एक निरोप येतो. पहाटे साडेपाचला ठरलेल्या चौकात जमायचं, तिथून गाड्यांनी तलावाच्या भिंतीपर्यंत, पुढे तीन-चार किलोमीटर पायी. कपडे मातकट रंगाचे, पायात बूट, सोबत पाणी आणि असेल तर दुर्बीण. निरोप लिहिणारे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांना माझ्याबद्दल ठाऊक आहे, पण मला वगळून निरोप कसा लिहायचा हे त्यांना सुचत नसावं. मी त्यावर अंगठ्याचं चिन्ह टाकतो. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ वेगळा आहे, तो माझ्यापुरता राहतो.

यवतमाळच्या घरात माझ्या खाटेपासून मागच्या ओट्यापर्यंत बावीस पावलं आहेत. २०२१ च्या पावसाळ्यात पुण्याजवळ झालेल्या अपघातानंतर माझा उजवा खुबा पूर्वीसारखा राहिला नाही. तीन शस्त्रक्रिया झाल्या. वॉकर धरून मी ही बावीस पावलं चालतो, चांगल्या दिवशी दोनदा. नोकरी सॉफ्टवेअरची असल्यानं ती घरातून सुरू राहिली. कंपनीला माझ्या पायांची गरज नव्हती. ओट्यावर एक हातांची खुर्ची आहे. समोर कडुनिंब, शेवगा, जास्वंद, कपडे धुण्याचा दगड, पाण्याचं टाकं. भिंतीपलीकडे अजून कुणी न बांधलेला एक प्लॉट, त्यात बाभळी, बोरी आणि कमरेएवढं गवत. गेली चार वर्षं माझं सगळं पक्षीनिरीक्षण ह्या खुर्चीतून झालं आहे.

पक्षी सप्ताह महाराष्ट्र शासनानं २०२० मध्ये जाहीर केला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या दोन तारखांच्या मधले दिवस पक्ष्यांचे. म्हणजे हा आठवडा दोन लिहिणाऱ्या माणसांच्या नावानं आहे. म्हणून मी माझा प्रश्न पुस्तकांनाच विचारायचं ठरवलं. आपल्या पक्षीवाङ्मयात पक्षी दिसण्यासाठी चालावंच लागतं का? की ती अट आपण वाचकांनी त्यात घातली आहे? प्रश्न माझ्या सोयीचा आहे, हे आधीच कबूल करतो. पण सोयीचं उत्तर मला नको आहे. खुर्चीतून पाहणं ही नाइलाजाची, दुय्यम गोष्ट असेल तर ते मला कळलेलं बरं. आणि नसेल, तर तसं पुराव्यानिशी म्हणता यायला हवं.

मराठीत ह्या विषयावरच्या पुस्तकांची नुसती नावं पाहिली तरी वाटा दिसू लागतात. चितमपल्लींचं ‘रानवाटा’. त्यांचंच ‘पक्षी जाय दिगंतरा’. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, ज्यात लेखक शहर सोडून अभयारण्यात राहायला जातो. ही पुस्तकं मी खाटेवर पडल्या-पडल्या, बाबांच्या कपाटातून एकामागून एक काढून वाचली. वाचताना एक गोष्ट हळूहळू टोचू लागली. ह्या गद्यात थकवाही सुखाचा असतो. पाय दुखतात ते अभिमानानं. पहाटेच्या दवात चालून गेल्याशिवाय पक्ष्यानं दर्शन देऊ नये, अशी काहीतरी नीती त्यामागे आहे, आणि ती नीती आपण वारीसारखी मनात घेतली आहे. देव भेटायला पायी जावं. बसल्या जागी भेटला तर तो देव कसला?

गंमत अशी की वाघाच्या बाबतीत ही नीती कुणी लावत नाही. आमच्या जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथे लोक जिप्सीत बसून वाघ पाहतात, खाली उतरायला मनाईच असते, आणि घरी येऊन कुणी म्हणत नाही की मी वाघ पाहिला खरा, पण बसून पाहिला. पक्ष्याच्या बाबतीतच चालणं हे निष्ठेचं माप कसं झालं?

ह्याचं खापर चितमपल्लींवर फोडणं मला आधी सोपं वाटलं होतं. दुसऱ्या वाचनात ते जमेना. माडगूळकर नागझिऱ्यात पाहुणे होते. त्यांच्या गद्याची सगळी ताजेपणाची चव त्या पाहुणेपणातून येते. चितमपल्लींचं तसं नाही. ते वनखात्यात नोकरीला होते आणि जंगल हा त्यांचा नोकरीचा गाव होता. नवेगावबांधला ते जंगल पाहायला गेले नव्हते, तिथे राहत होते. तो तलाव त्यांच्या रोजच्या नजरेतला. त्या तलावाची आणि पाखरांची ओळख त्यांना करून दिली ती तिथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांनी, म्हणजे ज्यांनी आयुष्य त्याच पाण्याकाठी काढलं अशा माणसानं. चितमपल्लींच्या लेखनातला सगळ्यात भरवशाचा भाग ह्या वस्तीतून आलेला आहे. आज कोण आलं, काल कोण होतं, मागच्या साली ह्याच झाडावर काय घडलं, हे त्यांना माहीत असतं, कारण ते मागच्या साली तिथेच होते.

त्यांनी मराठीला दिलेले दोन शब्द ह्या दृष्टीनं पाहण्यासारखे आहेत. कावळे जिथे मोठ्या संख्येनं एकत्र वस्ती करतात त्या जागेला ‘काकागार’. बगळे-करकोचे जिथे मिळून घरटी करतात त्या झाडांना ‘सारंगागार’. दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘आगार’ आहे. एस.टी.च्या आगारामुळे आपल्याला तो ओळखीचा: गाड्या दिवसभर कुठेही फिरोत, शेवटी परत येतात ती जागा. असा शब्द करावासा वाटतो तो पक्ष्यांमागे धावणाऱ्याला नाही. पक्षी जिथे परततात तिथे जो आधीच बसलेला आहे, त्याला तो सुचतो.

म्हणजे चूक वाचकांकडून झाली. चितमपल्लींचं अंगण आपण तीर्थक्षेत्र समजलो. त्यांच्याकडून शिकायचं होतं ते एका जागी मुरणं, आणि आपण शिकलो दूर जाणं. शहरातला वाचक ते पुस्तक मिटून नवेगावला किंवा मेळघाटला जायचे बेत करतो आणि स्वतःच्या गच्चीवरच्या होल्याकडे त्याचं लक्ष नसतं. अर्थात त्यांचं गद्यही ह्या गैरसमजाला थोडं जबाबदार आहे. जंगलाबाहेरच्या जगाबद्दल, वस्तीतल्या पाखरांबद्दल त्यात ती ओढ क्वचितच लागते. जंगलात गेल्याशिवाय आपण अपुरे आहोत, अशी चुटपुट ते वाचकाला लावून ठेवतात. १८ जून २०२५ रोजी ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. तेव्हा आलेल्या बहुतेक लेखांमध्ये ‘अरण्यऋषी’ हा शब्द होता. ऋषी म्हटलं की आपण पाया पडून मोकळे होतो. ते एका जागेचे शेजारी होते, असं म्हटलं तर आपल्यालाही काहीतरी करावं लागेल.

सप्ताहाच्या दुसऱ्या टोकाला सालिम अली आहेत, आणि त्यांच्याकडे माझ्या प्रश्नाचं थेट उत्तर निघालं. सालिम अली म्हटलं की मोहिमा आठवतात: संस्थानांची सर्वेक्षणं, हिमालय, कच्छचं रण. पण त्यांच्या सर्वांत मौलिक अभ्यासांपैकी एक घराजवळ बसून झालेला आहे. जर्मनीहून शिकून परतल्यावर, १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे नोकरी नव्हती. मुंबईत राहणं परवडेना म्हणून ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठच्या घरात राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीवर आडोसा करून बसायची जागा केली आणि तिथून तासन्‌तास फक्त पाहिलं.

त्यातून जे कळलं ते तोपर्यंत नीट कुणी मांडलं नव्हतं. सुगरणीतला नर घरटं अर्धं विणतो आणि थांबतो. मादी येऊन ते तपासते. पसंत पडलं तर राहते, मग नर उरलेलं काम पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. आता विचार करा, हे चालत्या माणसाला कळलं असतं का? त्याला झाडाला लटकणारी सुंदर घरटी दिसली असती, काही पुरी, काही अर्धवट. अर्धवट घरटी पाहून त्यानं काहीतरी तर्क केला असता आणि पुढे गेला असता. अर्धं घरटं हा थांबण्याचा टप्पा आहे, हे त्याच झाडाखाली काल आणि परवा असलेल्यालाच समजतं.

आमच्या धंद्यात ह्याला साधं उदाहरण आहे. शंभर सर्व्हरांवर एक-एक क्षण नजर टाकली तर कुठे काय चाललंय ह्याचं चित्र मिळतं. पण एखादी गोष्ट का बिघडते हे शोधायचं असेल तर एकाच सर्व्हरचा सलग लॉग लागतो, कंटाळवाणा, ओळीमागून ओळ. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. चालणारा निरीक्षक ‘इथे काय काय आहे’ ह्याचं उत्तर आणतो, बसणारा ‘ह्याचं पुढे काय झालं’ ह्याचं. आपल्या पक्षीवाङ्मयात पहिल्या प्रश्नाचा मान फार मोठा आहे, म्हणून दुर्मीळ पक्षी दिसला की प्रकरण रंगतं. दुसऱ्या प्रश्नाला चिमणीसुद्धा पुरते.

वस्तीतल्या जिवांवर लिहिण्याची परंपरा आपल्याकडे नव्हतीच असंही नाही, फक्त ती इंग्रजीत सुरू झाली आणि तिथेच राहिली. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मलेला माणूस, सरकारी नोकरीत मीठ आणि जकातीचं काम करणारा, ‘ईहा’ ह्या टोपणनावानं लिहीत असे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक. त्याच वर्षी त्याचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ आलं. नाव वाचून वाटतं सरहद्दीवरच्या टोळ्यांशी लढाई असेल. प्रत्यक्षात सरहद्द म्हणजे त्याच्या बंगल्याची भिंत, आणि टोळ्या म्हणजे उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे. पुढे १९०० मध्ये त्यानं ‘द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे’ लिहिलं; त्या नावातला ‘कॉमन’ हा शब्द मला फार आवडतो.

ईहा मला पटतो आणि खटकतोही. त्याला व्हरांड्यात बसून कावळ्याची लबाडी न्याहाळता आली, कारण मागे पाणी भरणारा, स्वयंपाक करणारा, पंखा ओढणारा कुणीतरी होता. त्या नोकरांवरही त्यानं ‘बिहाइंड द बंगलो’ नावाचं पुस्तक लिहिलं, जवळपास त्याच गमतीच्या सुरात. ते वाचताना मला माझी खुर्ची अवघडली. माझ्या हातात चहा येतो तो आई आणून देते. पाखरांच्या मातीच्या परळात रोज पाणी भरते तीच, मला तिथवर वाकता येत नाही. निवांत बसून पाहण्यामागे कुणाचे तरी हात राबत असतात, हे ईहाच्या पुस्तकात विनोद होऊन राहतं. माझ्या लेखात तरी ते विनोद होऊ नये.

मराठीत ह्या जागेवर खरं तर एक थोर पुस्तक आहे: दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६ चं. चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख. मध्य प्रांतात आदिवासींमध्ये संशोधन करत असताना विषबाधा होऊन दुर्गाबाई काही वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या, हे त्यांच्या चरित्रातून सगळ्यांना माहीत आहे. त्या आजारातून ‘ऋतुचक्र’ जन्माला आलं, असं सरळ समीकरण मला मांडायचं नाही. दुखण्यातून कला येते ही समजूत धडधाकट माणसांना फार आवडते. ज्याचं दुखतं त्याला विचारा. पण इतकं म्हणता येतं की ह्या पुस्तकाला चालण्याची अट नाही. महिना जिथे आहे तिथे येतो. रस्त्याकडेचं झाड, समोरचं आभाळ, पानांचा रंग, ह्यांवर ते उभं आहे. ‘ऋतुचक्रा’नं मला पहिल्यांदा हा दिलासा दिला की काळ हीसुद्धा एक वाट आहे आणि ती चालायला पाय लागत नाहीत.

तरी पक्षी पाहणाऱ्याला ‘ऋतुचक्र’ पुरं पडत नाही. त्यात झाडांचं राज्य आहे. पक्षी येतात ते ऋतूचे भालदार-चोपदार म्हणून. एखाद्या पक्ष्याचं स्वतःचं चाललेलं, ऋतूशी फटकून असलेलं काम त्यात फारसं दिसत नाही. भाषाही अलंकारांनी लवलेली. आणि पाहणारीचं शरीर पुढे येत नाही: ती कुठे बसली आहे, किती वेळ, पाठ अवघडली का. दुर्गाबाईंनी तो खासगीपणा राखला, तो त्यांचा हक्क. पण त्यामुळे माझ्यासारख्या वाचकाला पुस्तकातून ओट्यावर यायचा शेवटचा जिना स्वतःच बांधावा लागतो.

तो जिना मला बांधून दिला चातकानं. चातक हा आपल्या साहित्यातला सगळ्यात छळलेला पक्षी असावा. कालिदासापासून भावगीतांपर्यंत त्याचं एकच काम: चोच वर करून पावसाच्या थेंबाची वाट पाहणं. जमिनीवरचं पाणी तो पीत नाही म्हणे. अपघातानंतर भेटायला आलेल्या एका स्नेह्यांनी मला ‘चातकासारखी वाट पाहतोस बरं होण्याची’ असं म्हटलं होतं, तेव्हापासून माझं त्या उपमेशी वाकडं आहे.

२०२३ च्या जूनमध्ये, पाऊस लांबलेला, भिंतीपलीकडच्या बाभळीवर खरा चातक येऊन बसला. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, लांब शेपटी. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांबरोबर आलेला हा पाहुणा आमच्या टाक्यापासून चाळीस फुटांवर. मी पाहत राहिलो. पहिल्या आठवड्यात कळलं ते हे की तो वाट वगैरे काही पाहत नाही. शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके झाले होते. आई त्यांना टेंभा लावायच्या बेतात होती, मी तिला थांबवलं. चातक येऊन एकेक अळी उचलायचा, आपटायचा, गिळायचा. महाकवींनी पावसाच्या थेंबांवर जगवलेला पक्षी आमच्याकडे अळ्यांवर ताव मारत होता.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जोडी झाली आणि त्यांचं लक्ष सातभाईंकडे वळलं. सातभाईंचा थवा आमच्या अंगणाचा जुना भाडेकरू. कडुनिंबाच्या दाट फांद्यांत त्यांचं घरटं होतं. एक चातक मुद्दाम समोर येऊन ओरडायचा, सगळे सातभाई कल्ला करत त्याच्यामागे लागायचे. दुसरा कुठे जातो ते मला नीट दिसत नसे. पाने आड येत. मी अंदाज वहीत लिहून ठेवला आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. घरट्याखाली जाऊन पाहता येत नव्हतं, आणि आता वाटतं ते बरंच झालं.

ऑगस्टच्या अखेरीस प्रश्नचिन्ह खोडलं. कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर एक पिल्लू बसलं होतं, वरून तपकिरी-काळं, पोटाला मळकट, डोक्यावर अर्धवट तुरा. चोच उघडून अखंड ओरडत होतं आणि तीन वेगवेगळे सातभाई पाळीपाळीनं त्याला किडे भरवत होते. चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, दोघांची अंडी निळीच असतात, हे पक्ष्यांच्या पुस्तकांत आहे. मी काही शोध लावला नाही. पण जूनमधली अळी, जुलैमधला कल्ला आणि ऑगस्टमधलं पिल्लू ही एकच गोष्ट आहे, हे मी स्वतः नऊ आठवडे पाहिलं. तेव्हा त्या स्नेह्यांची उपमा मला पहिल्यांदा खोडता आली. वाट पाहणारा चातक कवींना दिसला, कारण त्यांनी त्याला बहुधा एकदाच पाहिलं होतं.

आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘दरसाली असंच असते. सातभाई आंधळेच हायेत, कोनाचंबी पोर वाढवतात.’ दरसाली! ती गेली तीस वर्षं ह्या दगडावर कपडे धुते आहे. सातभाईंच्या ओरडण्यावरून तिला ‘मांजर आलं असन’ आणि ‘साप असन’ ह्यांतला फरक कळतो. मला तो कळायला दोन पावसाळे लागले. तिनं त्यातलं काही लिहिलं नाही, कुणी विचारलंही नाही. आपल्या पक्षीवाङ्मयातली मोठी उणीव मला इथे दिसते. घराजवळ राहावं लागलेली माणसं काही मी एकटा नाही. बायका आहेत, म्हातारी माणसं आहेत, आजारी आहेत. वर्षानुवर्षं एका अंगणावर ज्यांची नजर राहिली त्यांचं ज्ञान पुस्तकांत आलंच नाही, कारण ते कुणी निरीक्षण समजलं नाही.

विज्ञानानं मात्र ही चूक सुधारली आहे. कॉर्नेल विद्यापीठानं २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘ईबर्ड’वर यादी भरताना विचारतात: फिरत पाहिलंत की एका जागी? तीस मीटरच्या आत राहिलात तर नोंद ‘स्थिर’. माझ्या सगळ्या नोंदी स्थिर आहेत आणि फिरत्या नोंदींहून त्यांची किंमत कमी धरली जात नाही. उलट रोज तीच जागा, तोच कालावधी असेल तर आजची आणि पाच वर्षांपूर्वीची यादी शेजारी ठेवता येते. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींमधून झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. फेब्रुवारीतल्या अंगणपक्षी गणनेत तर पंधरा मिनिटं एका जागी बसलात तरी पुरतं. साहित्याला जे अजून मान्य करायला जड जातं ते एका अर्जाच्या रकान्यानं मान्य केलं.

इथवर आल्यावर लेख गोड शेवटाकडे वळवणं सोपं आहे. तसं करता येणार नाही. अंगणात सगळं आहे, असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. बेंबळा धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात. ती मी चार वर्षांत पाहिलेली नाहीत. अंगणात माझ्या जातींची संख्या एक्कावन्नवर अडली आहे आणि तिथे पाणपक्षी म्हणजे वरून उडत गेलेले बगळे. ‘तुला काय, खिडकीत बसून सगळं दिसतं’ असं म्हणणाऱ्याला खिडकी आवडते ती ती सोडून जाता येतं म्हणून. अंगणाचं कौतुक हे तलावाचा दरवाजा बंद ठेवायला निमित्त होऊ नये. गाडी पाण्याच्या कडेपर्यंत नेता येईल एवढा सपाट रस्ता, पाठ टेकायला एक बाक, वॉकर अडकणार नाही अशी वाट, इतकंच लागतं. अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या व्हर्जिनिया रोज ह्या व्हीलचेअर वापरणाऱ्या पक्षीनिरीक्षक. त्यांनी सुरू केलेल्या ‘बर्डेबिलिटी’नं कुठल्या जागी रस्ता कसा आहे, बाक आहेत का, ह्याचा लोकांनी भरलेला नकाशा केला आहे. आपल्याकडे असा नकाशा करायला एका पक्षी सप्ताहाची सहल पुरेल: पक्षी मोजता-मोजता पायऱ्याही मोजायच्या.

‘पक्षी जाय दिगंतरा’ हे नाव चितमपल्लींनी जनाबाईच्या अभंगातून घेतलं. आपल्याला त्यातलं दिगंतर लक्षात राहतं. पण अभंगात पक्षी दूर जातो तो पिल्लाला चारा आणायला, आणि आभाळात हिंडणारी घारही पिल्लाकडे झेपावते. सगळी ओढ परतण्याची आहे. नामदेवाच्या घरी दळण-कांडण करणारी जनाबाई हे सगळं कुठून पाहत होती? बहुधा अंगणातून, काम करता-करता. ह्या परंपरेत आईचं नाव जनाबाईजवळ लिहावं लागेल, माझं बरंच खाली.

ह्या नोव्हेंबरात मी ग्रुपवर अंगठ्याऐवजी दोन ओळी टाकल्या: एका दिवशी आमच्या अंगणात या, बसायला सतरंजी आहे, चालणं शून्य. सहा जण आले, त्यांत शेजारच्या काकूंची सातवीतली नात. पाऊण तास बसायचं ठरलं होतं. पट्टीचे चालणारे दहा मिनिटांत चुळबुळू लागले, एकानं तर उठून भिंतीपाशी जाऊन पाहिलं आणि सातभाई उडवून लावले. पोरगी मात्र बसून होती. टाक्यावरच्या लोखंडी सळईवर थिरथिरा येऊन बसला, काळपट, पोटाला विटकरी, शेपूट थरथरवत. हिवाळ्यापुरता येतो. तिनं विचारलं, ‘दादा, मागच्या वर्षीचाच हाय का हा?’

दुसऱ्यांनी नाव विचारलं होतं, तिनं हे विचारलं. मी खरं ते सांगितलं: पायात कडी नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण गेल्या तीन हिवाळ्यांत सळई हीच आहे. तिनं माझ्या वहीत तारीख लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.